हरणासाठी चार पॉवर पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या एका मराठी तरुणानं आपल्या पहिल्या शिकारीच्या हंगामाबद्दल लिहिलं होतं. लेख मनापासून लिहिलेला होता आणि पहाटेच्या रानाचं वर्णन मला फार आवडलं. पण त्यातली एक ओळ आठवडाभर डोक्यातून जाईना. ६ ते २४ पॉवरचा, म्हणजे सहा ते चोवीसपट जवळ दाखवणारा, नवा स्कोप (रायफलीवर बसवायची दुर्बीण) लावून त्यानं सुमारे ४०० यार्डांवरच्या हरणावर गोळी झाडली, हरीण अडखळलं, झाडीत शिरलं आणि नंतर सापडलं नाही. एवढं सांगून लेख पुढे सरकला. शेवटी नवशिक्यांना सल्ला होता की, परवडेल तेवढा जास्त झूम घ्या. या सल्ल्याला उत्तर द्यायला हवं असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. १९८५ साली लग्न होऊन अमेरिकेत आले आणि तेव्हापासून उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या टायोगा काउंटीत राहते. आमचे हे न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीपलीकडे कॉर्निंगला काचेच्या कारखान्यात होते. व्हाइटटेल हरणाच्या शिकारीचे ३८ हंगाम मी केले आहेत, आणि गेली काही वर्षं नव्या शिकाऱ्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणवर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते.

शिकार हा शब्द वाचूनच काही वाचक अस्वस्थ होतील, हे मला माहीत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्यानं गेम कमिशन, म्हणजे वन्यजीव मंडळ, नेमलं, १९०६ पासून बाहेरून हरणं आणून सोडली, मादी मारायला बंदी घातली. लांडगे आणि डोंगरी सिंह (प्यूमा) तोवर नाहीसे झाले होते. हरणं इतकी वाढली की, रानात ओक आणि हेमलॉकची रोपं गुडघाभर होण्याआधीच खाल्ली जाऊ लागली. आजही परवाने, हंगाम, कोणत्या भागात किती माद्या, हे सगळं कमिशन ठरवतं. परवान्याच्या पैशातून रानं राखली जातात. आमच्या घरी वर्षभर जे मटण शिजतं त्यातलं बरंचसं याच रानातलं असतं, खोबऱ्याच्या वाटपात, माझ्या आईच्या पद्धतीनं.

आता मूळ मुद्दा. माझ्या रायफलीवर ४ पॉवरचा स्कोप आहे. चार म्हणजे चारच. त्यावर पॉवर बदलायला फिरवायची कडी नाही, बाजूला तिसरं बटण नाही, दिवा नाही. आडव्या-उभ्या रेषांची फुली आहे आणि समोरचं हरीण चौपट जवळ दिसतं. बस्स.

तो मला दिला शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यानं. त्यांच्या दुधाच्या गाई होत्या, आणि माझ्या परसातली मेथी आणि वाल हरणांनी तिसऱ्यांदा फस्त केले तेव्हा ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, नुसती चिडू नकोस, शिकून घे. त्यांच्याकडे .३०० सॅव्हेज काडतुसाची सॅव्हेज ९९ रायफल होती, लिव्हरनं भरायची, आणि वर टेक्सासमधल्या एल पासोच्या वीव्हर कंपनीचा के-४ हा ४ पॉवरचा स्कोप. पोलादी नळीचा, काळा रंग कडांवर उडालेला. त्या कंपनीनं ही के मालिका १९४७ च्या सुमारास काढली आणि अमेरिकेतल्या हजारो शेतकऱ्यांच्या रायफलींवर ती चढली. असाच एक जुना के-४ त्यांच्या कपाटात पडून होता, तो त्यांनी माझ्या .३०८ काडतुसाच्या रायफलीवर बसवून दिला. पहिली सात वर्षं मी दुसरं काही वापरलं नाही.

मग १९९४ साली मला वाटलं, जग पुढे गेलं आहे. दुकानात ३ ते ९ पॉवरचा स्कोप पाहिला, समोरच्या गोदामाच्या भिंतीवरची पाटी त्यातून अक्षर न् अक्षर वाचता येत होती. घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष स्कोपच्या बांधणीचा नव्हता.

हंगामाचा दुसरा दिवस. रात्री हिम पडलेलं. पहाटे समोरच्या उतारावर काहीतरी हललं म्हणून मी कडी ९ वर नेऊन पाहिलं, वाळलेलं फर्न होतं. कडी तशीच राहिली. साडेनऊच्या सुमारास लॉरेलच्या जाळीतून डावीकडून एक मादी उठली, पंचवीस पावलांवर. मी रायफल खांद्याला लावली आणि स्कोपमध्ये मला दिसले फक्त केस. तपकिरी केस, तेही धूसर. डोकं कुठे, खांदा कुठे, कळेना. ती चालायला लागली, एक काळसर रेघ दिसली, ती मला खांद्यामागची घडी वाटली, आणि मी चाप ओढला. ती घडी मांडीची होती.

आम्ही दोघं, मी आणि शेजारचे आजोबा, अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागून चाललो. ते तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मग कंदील घेऊन पुन्हा मागावर निघालो आणि रात्री दहा वाजता ओढ्यापाशी माग तुटला. दुसऱ्या दिवशी कावळ्यांच्या आवाजावरून ती सापडली. रात्रीतून कोयोटींनी, लांडग्यासारख्या इथल्या जनावरांनी, खाल्लेली. ती किती वेळ जिवंत होती ते मला सांगता येणार नाही, पण पाऊण मैल चालली होती हे नक्की. आजोबा मला काहीही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी तो स्कोप काढला आणि के-४ परत चढवला.

तेव्हा काय झालं होतं ते नंतर ह्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. साधारणपणे ९ पॉवरला १०० यार्डांवर सुमारे १३ फुटांचा पट्टा दिसतो. पंचवीस यार्डांवर तो उरतो तीन-सव्वातीन फूट. हरीण नाकापासून शेपटीपर्यंत पाच फुटांचं. म्हणजे अख्खं जनावर त्या वर्तुळात मावतच नाही. शिवाय हे स्कोप शंभर-दीडशे यार्डांसाठी जुळवलेले असतात, जास्त पॉवरला जवळची वस्तू धूसर दिसते. ४ पॉवरला तोच पट्टा पंचवीस यार्डांवर सात फुटांच्या आसपास. डोकं, मान, खांदा, मागची झाडी, सगळं एका नजरेत.

यावर मला नेहमी सांगतात, अहो, मग कडी ३ वर ठेवायची. बरोबर आहे. वर्गातही मी तेच शिकवते, बदलत्या पॉवरचा स्कोप असेल तर चालताना कमीत कमी आकड्यावर ठेवा. पण उणे बारा अंशात, दोन जोड हातमोजे घालून, चार तास झाडाला टेकून बसल्यावर माणूस काय विसरतो आणि काय लक्षात ठेवतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. सुरक्षेची कळ लक्षात ठेवायची, वारा कुठला ते लक्षात ठेवायचं, हरणामागे कोणी माणूस नाही ना हे बघायचं. त्यात आणखी एका आकड्याची भर मला नको आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. हरणं दिसतात ती उजाडताना आणि मावळताना. कायद्यानं सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि खरी वेळ त्या दोन टोकांनाच असते. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला पॉवरनं भागा, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. माझ्या ४ पॉवरच्या स्कोपचं पुढचं भिंग ३२ चं, म्हणून ८ मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात ७ पर्यंत उघडते, माझ्या वयात ५ उघडली तरी पुष्कळ. म्हणजे मला लागतो त्यापेक्षा जास्त प्रकाश येतो, आणि मान जराशी इकडेतिकडे झाली तरी चित्र काळं होत नाही. लेखातल्या तरुणाचा ५० चं भिंग असलेला स्कोप २४ वर नेला की उरतात जेमतेम २ मिलिमीटर. भिंग केवढं मोठं दिसतं, किती महाग असतं, आणि संध्याकाळी पाच वाजता त्यातून करडं धुकं दिसतं.

भिंगांच्या संख्येबद्दल हे नेहमी एक सांगत. बदलत्या पॉवरच्या स्कोपमध्ये भिंगं जास्त असतात, आणि लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १९३५ मध्ये झाइसच्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला, त्यानंतर ही गळती खूप कमी झाली, आणि आजच्या चांगल्या स्कोपमध्ये ती नगण्य आहे. म्हणून हा मुद्दा मी ताणत नाही. पण त्याच किमतीत साधा, एकाच पॉवरचा स्कोप घेतला तर पैसे काचेवर आणि लेपावर खर्च होतात, यंत्रणेवर नाही. जुन्या बाजारात ९० डॉलरला घेतलेला एक ४ पॉवरचा स्कोप मी वर्गात ठेवते. त्याच्या शेजारी तितक्याच किमतीचा नवा, मोठ्या झूमचा स्कोप ठेवून मुलांना खिडकीतून संध्याकाळचं कुंपण बघायला सांगते. मुलं न सांगता जुन्याकडे परत येतात.

यंत्रणेचं म्हणाल तर स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. पुढच्या भिंगातून आलेली प्रतिमा उलटी असते, ती सुलट करणारी भिंगं या आतल्या नळीत बसवलेली असतात. साध्या स्कोपमध्ये ती जागच्या जागी घट्ट. बदलत्या पॉवरमध्ये त्यांना पुढे-मागे सरकावं लागतं, त्यासाठी नळीला तिरक्या खाचा आणि त्या खाचांत फिरणाऱ्या खिळ्या. प्रत्येक गोळीचा धक्का या खिळ्यांना बसतो. पूर्वी कडी फिरवली की नेमसुद्धा हलायचा, एका आकड्यावर साधलेला नेम दुसऱ्या आकड्यावर दोन-तीन इंच सरकायचा. आताच्या चांगल्या कंपन्यांनी हे पुष्कळ सुधारलं आहे, ते मी मान्य करते. वजन मात्र राहिलंच. माझा स्कोप पाव किलोच्या आसपास, त्या मोठ्यांपैकी काही पाऊण किलोपर्यंत जातात, आणि ते रायफलीच्या अगदी वर बसतं. दिवसभर डोंगर चढून पाहा म्हणजे फरक कळेल.

आता त्या तरुणाच्या ४०० यार्डांकडे येते. लांबवर गोळी खाली येते म्हणून काही स्कोपमध्ये फुलीच्या खाली नेमाच्या खुणा असतात. त्यानं लिहिलं आहे की, त्यातल्या तिसऱ्या खुणेवर त्यानं हरीण धरलं. पॉवर किती होती ते लिहिलेलं नाही. अमेरिकेत शिकारीसाठी विकले जाणारे बहुतेक स्कोप असे असतात की, कडी फिरवली तरी फुली तेवढीच दिसते आणि चित्र मात्र लहान-मोठं होतं. त्यामुळे त्या खालच्या खुणा एका ठरावीक पॉवरलाच, बहुधा सगळ्यात वरच्या, खऱ्या असतात. २४ ला जी खूण दोन फुटांची घसरण दाखवते ती १२ ला चार फुटांची होते, आणि गोळी दोन फूट वर जाते. माझ्यासारखी .३०८ आणि दीडशे ग्रेन वजनाची गोळी असेल तर ४०० यार्डांवर तिला पोचायला अर्धा सेकंद लागतो, २०० यार्डांवर नेम साधलेला असला, म्हणजे तिथे गोळी बरोबर फुलीवर लागत असली, तरी ती दोन फूट खाली येते, आणि मध्यम वाऱ्यानं फूटभर सहज सरकते. हरणाच्या छातीतला तो भाग, जिथे गोळी लागली की ते काही सेकंदांत पडतं, पोळीएवढा असतो. आठ इंच. अर्ध्या सेकंदात हरीण एक पाऊल टाकतं.

हे गणित मी त्याला दोष देण्यासाठी मांडत नाही. त्याला ते कुणी सांगितलं नाही, आणि स्कोपमधून हरीण इतकं जवळ दिसलं की, ते लांब आहे हे त्याला वाटलंच नसणार. माझी मोठ्या झूमविरुद्धची तक्रार नेमकी हीच आहे. माझ्या फुलीत ४०० यार्डांवरचं हरीण मुंगळ्याएवढं दिसतं. ते बघून चाप ओढावासाच वाटत नाही. उठावं लागतं, वारा बघावा लागतो, ओढ्यातून वळसा घालून जवळ जावं लागतं, आणि दहातल्या सात वेळा ते निघून जातं. माझ्या वहीत २९ हरणांची नोंद आहे. त्यातली फक्त तीन १५० यार्डांच्या पलीकडची. २०० वर साधलेला नेम १०० ला दोन इंच वर लागतो आणि २५० ला चारएक इंच खाली, म्हणजे माझ्या अख्ख्या आयुष्यातल्या प्रत्येक हरणासाठी मला फुली सरळ छातीच्या मध्यावर धरायची होती. एकाही खुणेची गरज पडली नाही.

लहानपणी मी हेच पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. १९७२ च्या आधीची गोष्ट. आमच्या आप्पांकडे शेतराखणीच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. रानडुकरं भातात यायची. आप्पा माळ्यावर बसायचे, मी एकदा हट्टानं सोबत बसले होते, नऊ वर्षांची असेन. नळीच्या टोकाला नेम धरायची पितळेची माशी, तिला चुना लावलेला, चांदण्यात दिसावी म्हणून. डुक्कर बांधावर आलं, मी आप्पांना ढोसलं, त्यांनी मान हलवली. ते भातात शिरलं. आप्पा थांबले. पंधरा पावलांवर आलं तेव्हा बार झाला आणि ते जागेवर बसलं. पुढे कायदा आला, आप्पांनी बंदूक तेल लावून भिंतीवर टांगली ती कायमची. निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला.

नुसती पॉवर वाढवून नेम येत नाही, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात रायफलीवर मोठं दाखवणारा स्कोप चालतच नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडी, आणि ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. रेंजवर आमच्या मुलांना मी हे सांगते. २४ पॉवरला स्वतःच्या छातीची धडधड फुलीत दिसते, फुली हरणावरून इकडून तिकडे पळते, आणि माणूस ती मध्यावर आली की झटक्यानं चाप ओढतो. ४ पॉवरलाही हात तेवढाच हलत असतो. पण तो दिसत नाही म्हणून माणूस शांतपणे दाबतो.

एक गोष्ट मात्र मला अधिक गंभीर वाटते. मोठा झूम हाती आला की लोक रायफलीचाच दुर्बिणीसारखा उपयोग करतात. समोर काय हलतंय ते बघायला रायफल उचलतात. मी एकदा पलीकडच्या टेकडीवर बसलेल्या शिकाऱ्याला माझ्या दिशेनं रायफल रोखून पाहताना बघितलं आहे. अंगावर कायद्याप्रमाणे भगवं जाकीट आणि टोपी होती, त्याला मी हरीण वाटले असेन असं नाही, तो फक्त बघत होता. पण भरलेल्या रायफलीच्या नळीसमोर मी काही क्षण होते. २००२ पासून इथे नराची शिंगं मोजावी लागतात, बहुतेक भागात एका बाजूला किमान तीन टोकं हवीत, त्यासाठी झूम लागतो असं पुष्कळजण म्हणतात. शिंगं मोजायला गळ्यात ८ पॉवरची दुर्बीण घाला. ती दोन्ही डोळ्यांनी पाहता येते, आणि तिला चाप नसतो.

बदलती पॉवर कुठेच नको, असं मी म्हणत नाही. वायोमिंगच्या उघड्या माळावर काळविटासारख्या प्राँगहॉर्नमागे जाणाऱ्याचं रान वेगळं आहे. आमच्याकडेही उन्हाळ्यात गवताच्या कुरणांत वुडचक मारणारे शेतकरी १२ पॉवर वापरतात, जनावर मांजराएवढं, दिवस लख्ख, घाई नाही, त्यांचं बरोबर आहे. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांनी ६ पॉवर घ्यावा, ४२ च्या भिंगाचा, तोही साधाच मिळतो आणि जर्मनीत तर अनेक पिढ्यांनी त्यावरच हंगाम काढले. पण झाडीच्या रानात, पहिल्या दोन-चार हंगामांत, हाती काय द्यावं असं मला विचाराल तर मी ४ पॉवरचंच नाव घेईन.

त्या तरुणाला आपल्यामार्फत एक निरोप द्यावा ही विनंती. रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. आधीच्या आठवड्यात त्यानं इकडे यावं. वर्गातला तो जुना स्कोप मी त्याच्या रायफलीवर बसवून देईन, दोघं मिळून २०० यार्डांवर नेम साधू, वीस-पंचवीस काडतुसं लागतील. शेजारच्या आजोबांच्या कुरणाच्या वरच्या टोकाला एक मोठा हेमलॉक आहे, त्याच्या बुंध्याशी दोन माणसं बसू शकतात. तिथून सगळ्यात लांबची मोकळी जागा नव्वद पावलांवर आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, तो त्याला जरूर द्यावा. गरम कपडे आणायला सांगा, बाकी सगळं इथे आहे.

आपली नम्र,
एक वाचक
टायोगा काउंटी, पेनसिल्व्हेनिया
(मूळ संगमेश्वर, जि. रत्नागिरी)